घळीत आडवी पुरलेली स्की

दोन कड्यांमध्ये उभ्या उतरणाऱ्या, बर्फाने भरलेल्या अरुंद घळीला आमच्या खोऱ्यात ‘कुलुआर’ म्हणतात. घरातल्या बोळालाही हाच शब्द आहे. मात्र घरातल्या बोळातून मागे फिरता येते. मी त्या घळीत पुरली गेलेली एक स्की, डाव्या पायाची.

गास्पारने मला गोठ्यामागच्या कोठीत घडवले. गाभा लाकडाचा, कडा पोलादाच्या, तळाला त्याच्याच मधमाश्यांचे मेण.

वसंतात रात्री गोठलेला बर्फ सकाळच्या उन्हाने वरवर मऊ होतो. तेवढ्या अवधीत उतरायचे असते. घाई केली तर पाय निसटतो, उशीर केला तर बर्फच निसटतो. चढताना ज्याने पायऱ्या पाडल्या, पहिली उतरण त्याची आणि निघण्याची वेळही त्यानेच ठरवायची, असा आमच्याकडचा रिवाज. त्या दिवशी पायऱ्या गास्पारच्या थोरल्या बहिणीने, ओडीलने पाडल्या होत्या.

“आजीबाई, निघता का? की जेवण इथंच मागवू?” गास्पारने विचारले.

“गप रे. पायाखाली अजून काच आहे. लोणी होऊ दे.”

“ताई, खाली ऊन कधीचं आलंय.”

“पायऱ्या कुणी पाडल्या? मग?”

तो हसला आणि थांबला.

माथा सावलीत होता. तिथला बर्फ मऊ होऊन आम्ही निघेपर्यंत वळणाखालची घळ उन्हाने भिजून गेली होती. तिथे ओडीलच्या पायाखालचा बर्फ सरकला. एका खडकावर आदळून ती अडकली. पाय मोडलेला, आणि खाली तुटलेला कडा.

गास्पार तिच्या वरच्या अंगाला थांबला. त्याने मला पायातून काढले, बर्फात आडवे पुरले, माझ्या मध्यावर दोर बांधला आणि दुसरे टोक तिच्याकडे सोडले.

“बांध!”

“आधी तू स्वतःला अडकव!”

“एकदा तरी माझं ऐक, ताई!”

तिने गाठ मारली, तोच वरच्या तापलेल्या खडकांवरून ओला बर्फ सुटला. दोर ताणला गेला, मी वाकले, माझी कड चिरली. पण मी धरून राहिले. सारे शांत झाले तेव्हा दोराच्या टोकाला ओडील होती. गास्पार कुठेच नव्हता.

आता मी डोंगरावरच्या आसरागृहाच्या भिंतीवर टांगलेली आहे. तिथला रखवालदार आंब्रुआझ सूप वाढता वाढता पाहुण्यांना सांगतो, “ही बया ऐन वेळी पायातून निसटली, म्हणून पोरगा गेला.” प्रेत सापडले तेव्हा एकाच पायात स्की होती, एवढाच त्याचा पुरावा. ओडीलने एकदा खरे सांगितले होते. “मग त्याला वर थांबवलं कुणी?” असे कोणीतरी विचारले. तेव्हापासून ती लंगडत येते, माझ्या चिरलेल्या कडेवरून बोट फिरवते आणि न बोलता परत जाते.

वाचकहो, ही हकीकत तुमच्या कानी आली, तर एवढीच दुरुस्ती करा: मी निसटले नव्हते. त्याने मला स्वतःच्या हाताने काढले होते.