बायांच्या पुस्तकांची पिशवी

“सर, ह्या कपाटात बायांनी लिहिलेली पुस्तकं किती हायत?”

प्रश्न खरं तर कोमलचा. पण विचारायची छाती ना तिची होती, ना शिवकन्येची. म्हणून दोघींनी पैज लावली होती, की नववीचा शेवटचा पेपर झाल्यावर निलमनं संतराम सरांना हे विचारून दाखवलं, तर तिला दोघींकडून बर्फाचा गोळा. संतराम सर भूगोल शिकवायचे आणि पुस्तकांचं कपाट सांभाळायचे. सांभाळायचे म्हणजे किल्ली कुणाला लागू द्यायचे नाहीत.

जानेवारीपर्यंत निलम हजेरीलासुद्धा मान खाली घालून ‘हजर’ म्हणायची. मग स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी पोरगी ऐन वेळी तापानं पडली, माईक निलमच्या हातात आला, आणि तिला स्वतःचाच आवाज आवडला. तेव्हापासून डोंगरकडा गावच्या शाळेत तिला गप्प बसवणं अवघड झालं होतं.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “काहून? बायांनी लिहिलेलं वेगळं असतं का?”

“वाचल्याबिगर कसं सांगू, सर?”

मागं कोमलला खोकल्याची उबळ आली. ती खोकल्याची नव्हती, हे सरांनाही कळलं.

“मोजलं न्हाई कधी,” सर म्हणाले आणि त्यांनी चक्क किल्ली पुढं केली. “तुमीच काढा. पण काढलेलं बराबर जागेवर ठेवायचं.”

कपाट उघडलं तर अडचण निराळीच. सरांनी झाडून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली होती. कव्हरावर पुस्तकाचं नाव आणि नंबर. लिहिणाऱ्याचा पत्ताच नाही. तिघी फरशीवर फतकल मारून बसल्या आणि एकेक पुस्तक उघडून आतलं पान बघू लागल्या.

“बाप्या. हाबी बाप्या. हा तर मोठा बाप्या,” कोमल पत्ते पिसल्यासारखी पुस्तकं बाजूला टाकत होती.

पण निघाली. कोकणातल्या एका नर्सनं लिहिलेलं निघालं. पालावर वाढून पुढं वकील झालेल्या बाईचं निघालं. उर्दूत लिहिणाऱ्या एका मास्तरीणबाईंच्या गोष्टी मराठीत आलेल्या निघाल्या. एकीनं तर सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा पेन हातात धरलं होतं. तिचा फोटो बघून शिवकन्या म्हणाली, “बोळकं पसरून कशी हसून राहिली बघ. हे मी आधी वाचणार.”

मग तिनं अजून एक पुस्तक निलमपुढं नाचवलं. “हे घे, तुमच्या बंजारा तांड्यातली बाई. नाव सेवा.”

“बाई कशाची? सेवा आमच्यात बाप्याचं नाव हाय. माझ्या काकाचं तेच. त्याच्या मिशा बघितल्या न्हाईत का तू?”

सरांनी पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं. “मीबी बाईच समजून होतो. महिला दिनाला टेबलावर सगळ्यात पुढं हेच मांडलं होतं.” आणि ते असे हसले, की तिघींना त्यांचे आतले दातही पहिल्यांदाच दिसले.

तांड्यातल्या बाईचं मात्र एकही निघालं नाही. निलमला ते जरा लागलं. पण समोर जमलेला ढीग काही कमी नव्हता. बाजाराची एक पिशवी भरली असती.

“सुट्टीत न्यायला देता का, सर?”

“एकीच्या नावावर अख्खी पिशवी देतो. पण ती एक सुट्टीभर गावातच पाहिजे. गावाबाहेर गेलेलं पुस्तक परत येत न्हाई, मी बघितलंय.”

इथंच घोडं अडलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावात थांबतं कोण? शिवकन्या मामाकडं हिंगोलीला चालली होती, कोमल आजोळी. निलमचं पुसेगाव ठरलेलं.

“तिघी आळीपाळीनं येऊन वाचू की,” कोमल म्हणाली. “मी आठ दिवसांत परत येते. पण राखायला एक जण पाहिजे.”

“निलम राहिली तर चालतंय का, सर?” शिवकन्येनं शंका काढली. “तांडा गावात धरायचा का?”

“मतदानाला धरतात, मग पुस्तकालाबी धरू. उद्या दहापर्यंत सांगा. एकदा कुलूप लावलं की ते जूनलाच निघंल.”

गोळा चोखत निलम तांड्याकडं निघाली. पुसेगावला मामाची विहीर होती. गेल्या साली तिनं मधल्या पायरीवरून उडी मारली होती. यंदा थेट काठावरून मारणार, असं तिनं मामेभावंडांना फोनवर सांगूनही टाकलं होतं. ते थंडगार पाणी आठवून तिचा पाय अडखळला. नाही गेलं, तर ‘भ्याली’ म्हणून वर्षभर ऐकावं लागणार. पण जूनमध्ये दहावी सुरू होणार. ती नर्स, ती वकील, ती बोळक्या तोंडाची म्हातारी पुन्हा कुलपाआड जाणार. घर येईपर्यंत गोळ्याची नुसती काडी हातात राहिली होती.

आई, मिराबाई, बॅग भरत होती. “तुझा पिवळा ड्रेस कुठंय? सकाळच्या गाडीनं निघायचंय.”

“याडी, तो राहू दे.”

“राहू दे म्हणजे? मामी वाट बघून राहिली. तिची लेकरं कोण सांभाळंल?”

“आजी हाय की.”

बाजेवर चहा पीत बसलेल्या बापानं, सुदामनं, मान वर केली. “विहीर विहीर करून महिनाभर डोकं खाल्लंस आमचं. आता काय झालं? भांडलीस का कुणाशी?”

निलमनं सगळं सांगितलं. पिशवी, कुलूप, सरांची अट.

“पुस्तकं काय पळून जातात का?” मिराबाई म्हणाली. “जूनमध्ये वाच.”

“जूनमध्ये दहावी सुरू. मग तू मला गाइडाशिवाय काही हातात धरू देशील का?”

मिराबाईनं बॅगेतली घडी काढली, पुन्हा घातली.

“तशी मला सोबत होईल,” सुदाम हळूच म्हणाला. “पण भाकरी कोण करंल?”

“मी करीन. करपली तर गुपचूप खायची, बा.”

तो चहाच्या कपात हसला. मिराबाई हसली नाही. “अगं, पण मी तिकडं कबूल करून बसले. विचारायचं तरी आधी.”

“मी विचारून न्हाई राहिले, याडी, सांगून राहिले,” निलम म्हणाली. “तू धाकट्या भावाला घेऊन सकाळच्या गाडीनं जा. मामाला मी स्वतः फोन करते. मी हितंच बाजवळ राहणार, आन् उद्या दहाच्या आत शाळेत जाऊन ती पिशवी माझ्या नावावर घेणार.”