परतीच्या बोलीवरचे बूट

सावळारामतात्यांनी बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, की त्याचं वय, त्याचा स्वभाव आणि त्याच्या मालकाचा खोटेपणा एवढं सगळं त्यांना कळतं, असं लोणी भापकरपासून इंदापूरपर्यंत लोक मानत. तात्या स्वतः तर मानतच. वाडवडिलांनी मेंढरं राखली, तात्यांच्या वेळेला मेंढरं जाऊन शेती आली, पण जनावर पारखायची नजर काही मेंढरांबरोबर विकली गेली नव्हती. कुणाला खोंड घ्यायचा असला की तो तात्यांना मोटारसायकलवर बसवून बाजारात न्यायचा, आणि तात्याही फेटा सावरत नवरदेवासारखे मागे बसायचे.

त्यांच्या धाकट्या मुलीला, म्हाळसाला, या गोष्टीचा मोठा अभिमान होता. बूट घ्यायची वेळ येईपर्यंत होता.

म्हाळसा बारामतीला कॉलेजात शिकत होती आणि डोंगरावर पळायची. सपाटीवर पळणाऱ्या पोरी पुष्कळ होत्या, पण हिला चढ दिसला की पाय शिवशिवायचे. मागच्या साली पुरंदरच्या डोंगरावरच्या शर्यतीत अर्ध्या उतारावर तिच्या कॅनव्हासच्या बुटाचा तळ सुटला. बूट जीभ बाहेर काढून सगळ्यांना वेडावत राहिला आणि बाईसाहेब तशाच फटाक फटाक करत पाचव्या आल्या. यंदा खेळाच्या सरांनी दम भरला होता, दगडाधोंड्यात टिकतील असे बूट घे, नाहीतर तोंड दाखवू नकोस.

"त्यात काय," तात्या म्हणाले. "मालच पारखायचा न्हवं? मी हाय की."

त्याच आठवड्यात घरात दुसरंही एक पारखणं उरकलं. इंदापूरच्या बापूसाहेबांचा मुलगा अजित म्हाळसाला बघून गेला. डाळिंबाची बाग, बारमाही पाण्याची विहीर, दारात जीप. तात्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली, चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता जमलं म्हणून सांगून टाकलं. शर्यत झाली की सुपारी फोडायची ठरली. आपल्याला कधी विचारतायत याची म्हाळसा वाट बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की विचारायचं ते सगळं विचारून झालंय, फक्त ते जीपला विचारलंय. त्या घरात पाऊल पडलं की डोंगर संपला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

बारामतीच्या दुकानात तात्या शिरले ते बैलबाजारात शिरल्यासारखेच. त्यांनी बूट उलटा केला, तळाच्या रबरी दातांवरून बोट फिरवलं आणि 'चौसा हाय', म्हणजे चार दातांचा, ऐन उमेदीतला, असं बैलासारखं जाहीर केलं. वास घेतला. टाच पिरगाळली. मग बूट फरशीवर ठेवून चाल बघायला चार पावलं मागे सरले. बूट जागचा हलला नाही तेव्हा जरा खट्टू झाले.

"खोड काय ह्याला?"

"तात्या, बूट आहे तो," दुकानाचे शेठ म्हणाले. "बुटाला कसली खोड?"

"परत्येकाला असती. तुमी लपवताय."

आणि तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं धरून आकडा कळवायचा, म्हणजे बघ्यांना पत्ता लागत नाही. तात्यांनी शेठच्या हातावर उपरणं टाकून आत त्यांची बोटं पकडली. शेठचा हात त्यांच्या बायकोनेसुद्धा चारचौघांत कधी धरला नसेल. ते कानापर्यंत लाल झाले. पोराला शाळेचे बूट घ्यायला आलेल्या एका बाईंनी लगबगीने मान फिरवली.

"भाव डब्यावर छापलाय, तात्या. हात सोडा."

"छापील भावात कवा जनावर मिळालंय व्हय?" तात्या उठले. "चल गं."

म्हाळसा बूट घालायला खाली वाकली होती. "तात्या, घालून तर बघू द्या."

"आदी पारख, मग पाय," तात्या म्हणाले आणि पायऱ्या उतरलेसुद्धा. म्हाळसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या दुकानासमोरून तिला रोज कॉलेजला जायचं होतं.

इंदापूरचा दुकानदार मात्र तात्यांच्या उपकाराखाली होता. त्याच्या भावाला तात्यांनी बैलजोडी निवडून दिली होती. त्याने परतीच्या बोलीवर माल द्यायचं कबूल केलं. बैल घेतानाही हीच रीत असते. चार दिवस औताला जुंपायचा, कसून बघायचा, नाही पटला तर परत. पोरगी घरातल्या घरात घालून बघेल, अशी त्या भल्या माणसाची समजूत.

तात्यांनी आठ नंबरचे बूट उचलले. म्हाळसाचा पाय पाच नंबरचा.

"तात्या, ह्यात माझं दोन्ही पाय एका बुटात बसतील."

"कालवड घेताना तिची आय बघत्यात. थोरल्याचं कळलं की बारक्याचं कळतं. आन कसायचं म्हंजी मलाच घालायला पायजेल का न्हाय?"

मग कसणं सुरू झालं. तात्या धोतराखाली बूट घालून घरामागच्या मुरमाड टेकाडावर चढले, वर जाऊन उगाचच इकडेतिकडे बघितलं आणि उतरले. वस्तीवरची सगळी कुत्री त्यांच्यामागून वर गेली आणि त्यांच्यामागून खाली आली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या नागेशने बूट नेले. तो सोमेश्वरनगरच्या कारखान्याला ट्रॅक्टरने ऊस घालायचा. उसाच्या मोळ्यांवर चढून नाचून बघ, असं तात्यांनी त्याला बजावलं होतं आणि त्याने ते मन लावून केलं. परत आलेले बूट तात्यांनी गुरांच्या हौदात भिजत घातले. काढून उन्हात तापवले. शेवटी ते तात्यांची बहीण ठमाआत्या हिने बाभळीच्या काट्यांतून शेळ्यांमागे हिंडायला घातले. आत्याचा पाय चांगला भरभक्कम. तिने नऊवारीचा काचा मारला, बूट चढवले आणि संध्याकाळी परत द्यायला साफ नकार दिला.

"माझी टाच दुखायची राह्यली," ती म्हणाली. "मला लागू पडलं हे. तुमी दुसरं बघा."

म्हणून दुसरे आले. त्यांची शिवण हौदातच उसवली. तिसऱ्यांचा तळ नागेशच्या नाचाला पुरला नाही. तात्या प्रत्येक बूट हातात घेऊन वैद्यासारखी मान हलवायचे. "दिसायला खिलार, कामाला मढं." इंदापूरचा दुकानदार आता एसटीतून उतरणारे तात्या दिसले की जेवायला घरी निघून जायचा. या सगळ्या काळात म्हाळसाच्या पायात एकही बूट गेला नाही. ती फाटके कॅनव्हास सुतळीने बांधून टेकाडावर पळत होती, आणि शर्यत जवळ आली होती.

एका संध्याकाळी तात्या ओसरीवर चौथ्या जोडाचे दात बोटाने चाचपत बसले होते. थोरली मुक्ता मेथी निवडत होती. मुक्ता लग्न होऊन गेली होती आणि परत आली होती. नवरा दारूला शिवत नव्हता, तिच्यावर हात उगारत नव्हता. फक्त कामावर जाताना तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचा आणि किल्ली खिशात घालून न्यायचा. दोन वर्षं तिने खिडकीतून रस्ता बघितला. एक दिवस कौलं काढून बाहेर आली ती थेट माहेरी.

"मला एक कळत न्हाय," मुक्ता मेथीकडे बघतच म्हणाली. "बुटाचं म्हैनाभर कसून बघणं चाललंय. म्हाळसीच्या नवऱ्याचं एका कपात उरकलं. माझ्या वक्ताला तर, तात्या, तुमी चहाबी पुरता प्याला न्हवता. बशीत वतलेला तसाच राह्यला."

"मुक्ते," आई, म्हणजे कुशाबाई, चुलीपासून ओरडली.

"खोटं बोलली का मी?"

तात्यांचं बोट बुटावर होतं तिथेच थांबलं. म्हाळसाला वाटलं, आता बूट मुक्ताच्या डोक्यात बसणार. पण तात्यांनी तो अलगद खाली ठेवला आणि गोठ्यात गेले. दोन दिवस त्यांनी बुटांना हात लावला नाही. बोललेही फक्त बैलांशी.

तिसऱ्या दिवशी बापूसाहेबांची जीप दारात आली. सुपारीचं पक्कं करायला बापलेक दोघेही आले होते. घोंगडी अंथरली, चहा आला. म्हाळसा आतल्या दाराआड उभी होती. आता चहा संपेल, मग आपण संपू, असंच तिला वाटत होतं.

तात्यांनी कप घेतला नाही. "पावणं, पोराला चार दिस हितं ठिवा."

"कशापायी?"

"कसून बघतो म्हंतो."

बापूसाहेब गडगडून हसले. तात्या हसले नाहीत.

"खरंच म्हंतोय. भूक लागल्यावर कसा बोलतो, कालवणात मीठ जास्त पडलं तर काय करतो, भायेर जाताना दाराला कुलूप लावतो का, ते बघायचं हाय."

आत मुक्ताच्या हातातली बशी खळकन वाजली.

"आमचा पोरगा काय बैल हाय का?" बापूसाहेबांचा आवाज चढला.

"बैल असता तर मी पैल्याच दिवशी नीट बघितला असता. चुकलं ते तितंच." तात्यांनी आतल्या दाराकडे मान वळवली. "आन मी बघून तरी काय? मी आठ नंबरवाला. म्हाळसा, भायेर ये. तुला काय इचारायचं ते इचार ह्याला."

एरवी म्हाळसाचं तोंड म्हणजे चालू पिठाची गिरणी. आता मात्र तिने एकच प्रश्न निवडला. ती उंबऱ्याबाहेर आली आणि पहिल्यांदाच अजितकडे सरळ बघितलं. दिसायला वाईट नव्हता बिचारा. केसाला तेल, शर्टाला इस्त्री, घोंगडीचं टोक बोटाने उसवत बसलेला.

"लग्नानंतर मी डोंगरावर पळलेलं चालंल का तुमाला?"

अजितने बापाच्या तोंडाकडे बघितलं.

"पळायला घरात कामं काय कमी हायती?" बापूसाहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

"मी तुमाला न्हाय इचारलं, बापूसाहेब," म्हाळसा म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण बाहेर आला. "ह्यांना इचारलं."

अजितने पुन्हा बापाकडे बघितलं. मग घोंगडीकडे. "आबा म्हणतील तसं," तो म्हणाला.

म्हाळसाला त्याचा राग नाही आला. कीव आली, आणि आयुष्यभर कीव करत भाकऱ्या थापायची तिची तयारी नव्हती.

"मग मला न्हाय जमायचं," ती म्हणाली.

बापूसाहेब ताडकन उठले. "सावळारामराव, पोरगी काय बोलती ऐकताय का?"

"ऐकतोय की," तात्या म्हणाले. "न्हाय म्हणती."

जीप धुरळा उडवत गेली. कुशाबाईने पदर तोंडाला लावून रडून घेतलं आणि रडता रडता तसाच राहिलेला चहा परत पातेल्यात ओतला, कारण साखर काही रडण्याने परत येत नाही. गावभर झालं, की सावळाराम जावयाला औताला जुंपायला निघाला. बाजाराच्या दिवशी कुणाचीही मोटारसायकल तात्यांना न्यायला आली नाही. ते फेटा बांधून दुपारपर्यंत ओसरीवर बसले, मग फेटा काढून ठेवला आणि म्हाळसाला म्हणाले, "चल बारामतीला."

दुकानात तात्यांना बघून शेठनी दोन्ही हात आधी पाठीमागे लपवले. तात्या स्टुलावर बसले. उपरणं खांद्यावरून काढलं नाही, बुटाला हात लावला नाही. ते तसे बसलेले म्हाळसाला फार केविलवाणे वाटले.

"पाच नंबर दाखवा," तिने सांगितलं. पाय घातला, नाडी आवळली, दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढली आणि उतरली. तात्या तिच्या पायांकडे बघत होते, बुटांकडे नाही.

"चावतोय का?"

"अंगठ्याला."

"काढ मग."

दुसरा जोड आला. ती रस्त्यावर गेली, पलीकडच्या खडीच्या ढिगावर चढली, पाय तिरका टाकून उतरली. टाच हलली नाही, बोटं दबली नाहीत, खडी तळाला टोचली नाही. बूट दिसायला शेणाच्या रंगाचा होता, पण पायाला आपला वाटत होता. हाच घ्यायचा, हे तिचं तिथेच, ढिगावर ठरलं.

"हे कसं हाय?" तात्यांनी विचारलं.

लग्नाचं, कॉलेजचं, तिच्या जन्माचं, कशाचंच तिला आजवर या आवाजात कुणी विचारलं नव्हतं. ते तिला अजून एकदा ऐकायचं होतं. ती खाली बसली, नाड्या सोडल्या आणि तो चांगला बसलेला बूट काढून बाजूला ठेवला.

"न्हाय," ती म्हणाली.

"बरं," तात्या म्हणाले. "शेठ, दुसरा काढा. तिला घाई न्हाय."