भागूबाईंचा आवाज

जळबा पायरी चढताना दिसले आणि हरीशनं हातातला पेचकस एका घट्ट बसलेल्या स्क्रूवर उगाच फिरवायला घेतला. चोराच्या मनात चांदणं. जवळ्याचा बाजार बाहेर गजबजलेला, त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मात्र दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. म्हातारा भांडायला आला नसणार हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

जळबांची सून साधना मागच्या बाजारी कॉम्प्युटर घेऊन आली होती. चालू व्हायला फार वेळ लावतो म्हणून. जुन्या हार्डडिस्कवरचं सगळं, विंडोजसकट, नव्या, जास्त वेगवान डिस्कवर, एसएसडीवर, उतरवायचं, एवढंच काम. असली कामं हरीश डोळे झाकून करायचा, आणि त्या दिवशी त्यानं खरोखर तशीच केली. फोनवर मित्राशी क्रिकेटच्या गप्पा हाणता हाणता कुठून कुठं हेच उलटं निवडलं, आणि नव्या एसएसडीचं कोरेपण भरलेल्या जुन्या डिस्कवर उतरलं; होतं ते सगळं पुसलं गेलं. जळबांची बायको भागूबाई विहारात गायच्या. त्यांची सगळी गाणी त्या डिस्कवर होती, आणि भागूबाई वर्षापूर्वीच वारल्या होत्या.

‘डिस्क आधीच खराब झाली होती, ताई,’ असं सांगून हरीशनं वेळ मारून नेली. विंडोज नव्यानं टाकून दिलं. साधना कॉम्प्युटर घेऊन निघून गेली होती.

“या बाबा. चहा सांगू?”

“नको. एक इचारायचं व्हतं.” जळबा स्टुलावर टेकले. “मी रोज सकाळी तिची गानी लावायचो. रोज लावू लावूच डिस्क घिसली असंल, न्हाई?”

हरीशचा हात थांबला.

“आमच्या कॅसेटी अशाच घिसल्या व्हत्या. तरी मला अक्कल आली न्हाई. सून काई बोलत न्हाई, पर माझ्यामुळंच गेलं ना लेकरा?”

‘नाही’ म्हणायला हरीशनं तोंड उघडलं. त्या ‘नाही’मागून काय काय येईल ते दिसलं, आणि तोंड मिटलं. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

जळबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला मोबाईल काढला.

“ह्याच्यात तिचं एक राहिलंय. गानं न्हाई, मला बोलून राहिली त्याच्यात. पर मी आता लावतच न्हाई. हेबी घिसलं तर मंग काय ऱ्हाईल?”

हरीशनं मोबाईल हातात घेतला, शोधून ते लावलं.

“येताना मीठ आना. मागल्या बाजारीबी इसरलात. ध्यान कुठं ऱ्हातंय तुमचं?”

जळबांनी घाबरून हात पुढं केला. हरीशनं पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. म्हाताऱ्याचा हात हळूहळू खाली आला. बायकोची बोलणी खाताना त्यांना हसू फुटलं आणि डोळेही भरले.

“लावा बाबा. पाहिजे तितक्यांदा लावा. ऐकून घिसत न्हाई ते.”

“खरं म्हनतूस?”

“कदीच घिसत न्हाई.”

जळबांनी मोबाईल घेतला, जपून रुमालात बांधला. गाठ मारता मारता ते थबकले.

“मंग घरचं कशानं गेलं रे?”

हरीश खरं सांगायला काउंटरमागून बाहेर आला.