हळदीच्या गाण्यातलं नाव

डीजे ठरवायला आम्ही दोघंच गेलो होतो, मी आणि माझा मुलगा निकेत. निकेतच्या बाबांना ट्रेलर घेऊन बंदरात जायचं होतं, आणि ठमीताईला मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. ठमीताई म्हणजे माझी थोरली नणंद. ती आली असती तर बँजो पार्टीच पाहिजे म्हणून अडून बसली असती आणि निकेतनं तिचंच ऐकलं असतं. साड्या तिनं ठरवल्या होत्या, आचारी तिनं ठरवला होता, मांडवाला उंबराची फांदी कुठल्या झाडाची आणायची तेसुद्धा तिनंच. माझ्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नात एक तरी गोष्ट माझ्या मनानं व्हावी, एवढंच माझं म्हणणं होतं. म्हटलं, गाणी माझी.

तीस वर्षं कंटेनर यार्डाच्या ऑफिसात काढल्यामुळे मला तक्ता केल्याशिवाय काही सुचत नाही. हळदीला कुठली गाणी, नवरा-नवरी स्टेजवर येताना कुठलं, जेवणाच्या पंगतीला हळू काय लावायचं, वरातीत काय अजिबात लावायचं नाही, असा चार पानी तक्ता मी छापून नेला होता. पहिल्या डीजेनं तो बघितलाच नाही, नुसता भोंगे किती हे सांगत बसला. दुसऱ्याच्या दुकानात त्यानं आवाज लावून दाखवला तर माझ्या हातातल्या चहात लाटा उठल्या. तिसरा स्वप्निल. उरणच्या बाजारात वरच्या मजल्यावर त्याची छोटीशी खोली आहे. त्यानं माझा तक्ता शांतपणे शेवटपर्यंत वाचला, दोन गाणी मागंपुढं करायला सांगितली, आणि मी त्याला तिथंच पसंत केलं.

मग त्यानं विचारलं, नावाचं गाणं करायचं ना? म्हटलं, ते तर हवंच. आमच्याकडे आता त्याशिवाय हळद होत नाही. ठरलेली चाल असते, "पोर कोनाचा गो, नवरा कोनाचा" असं गाणारा विचारतो आणि मग घरातल्यांची नावं ओवून उत्तर देतो. आजा, बाप, आई, काका, मामा. ज्याचं नाव आलं त्याला नवऱ्यानं हात धरून मधोमध आणायचं आणि त्याच्याबरोबर नाचायचं, हा रिवाजच पडून गेलाय. ज्याचं नाव राहतं तो वर्षभर बोलत नाही. आमच्या शेजारचे एक काका पुतण्याच्या हळदीत नाव आलं नाही म्हणून भरल्या ताटावरून उठून गेले होते, ते अजून त्या घराकडे बघत नाहीत.

स्वप्निल नावं लिहून घ्यायला लागला. निकेत मोबाईलमध्ये डोकं घालून प्रणालीशी, म्हणजे होणाऱ्या बायकोशी, काहीतरी टाइप करत होता आणि तोंडानं उत्तरं देत होता.

"आजोबा?"

"कोंडाजी."

"बाबा?"

"रामचंद्र."

"आई?"

"ठमी," निकेत म्हणाला.

स्वप्निलनं लिहिलं. पुढं मामाचं नाव विचारलं.

मी तिथंच होते. निकेतच्या कोपराला माझं कोपर लागत होतं, इतकी जवळ. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण मला वाटलं, आता ह्याच्या लक्षात येईल, हा जीभ चावेल, माझ्याकडे बघून हसेल. शेवटचं नाव लिहून झालं तरी त्याच्या काही लक्षात आलं नाही. मी पर्स उचलली आणि जिना उतरले. घरी येईपर्यंत बाइकवर मागं बसून मी त्याच्या पाठीकडे बघत होते.

ह्यात निकेतची चूक म्हणावी तर ती माझीच आहे, आणि तेच मला सहन होत नाही. तो पाच महिन्यांचा असताना मी कामावर परत गेले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मला जायचंच होतं. बंदरात मिठागरं गेली, सासरे कामाविना बसून राहिले, आणि अख्ख्या गावात ऑफिसात खुर्चीवर बसणारी सून मी एकटी, ह्याचा मला तोरा होता. ठमीताई लग्नानंतर दीड वर्षात नवरा जाऊन माहेरी परत आलेली. तिच्या मांडीवर पोर ठेवून मी सकाळी साडेसातला निघायचे, ती दिवेलागणीला परत. ऑफिसातल्या बायकांची पोरं मम्मी म्हणायची, म्हणून मी निकेतला मम्मी म्हणायला शिकवलं, अगदी घोकवून घेतलं. आई हा शब्द मोकळाच राहिला. तो त्यानं दीड वर्षाचा असताना आपल्या मनानं ठमीताईला देऊन टाकला. तेव्हा मी हसले होते. सगळ्यांना कौतुकानं सांगितलंही होतं.

आता तो सव्वीस वर्षांचा आहे, आणि आजही दारातून आत आला की पहिली हाक "आई" अशी मारतो आणि ती मला नसते. पायमोजे कुठं आहेत, आई. डोकं दुखतंय, आई. प्रणाली आवडते हे त्यानं आधी तिला सांगितलं, मला आठ दिवसांनी, तेही तिनं ढकलल्यावर. मी तिचं नाव घेते ते चांगलंच घेते, आमच्या ठमीताईनं म्हणून पोर वाढलं, असं चारचौघांत म्हणते. पण खरं सांगायचं तर मी तिच्यावर जळते. त्याच्या ताटात ती न विचारता आंबट वरण वाढते आणि तो न बघता खातो, तेवढ्यानंही माझा घास अडकतो.

तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. सारखं डोळ्यांसमोर यायचं, अख्खा गाव मांडवात उभा आहे, गाण्यात आईचं नाव ठमी येतंय, निकेत तिचा हात धरून तिला मध्ये नेतोय, आणि मी गोटा पट्टीची साडी नेसून खुर्चीत बसून टाळ्या वाजवतेय. प्रणालीच्या माहेरची माणसं विचारणार, मग ह्या कोण? लहानसहान गोष्टीवरून मी घरात चिडचिड करायला लागले. ठमीताईनं हळद दळून आणली तर म्हटलं, जाडसर झालीय. बारीकच होती.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यार्डाच्या पायरीवर उभी राहून मी स्वप्निलला फोन केला. आवाज जमेल तेवढा सहज ठेवून म्हटलं, अरे, त्या गाण्यात एक नाव चुकलंय, आईच्या जागी विनिता पाहिजे.

तो म्हणाला, "काकू, ते बदललंय की. परवाच नवीन गाऊन घेतलं. तुमच्याकडच्या आत्या येऊन सांगून गेल्या."

मला आधी काही कळेना. कोण आत्या, म्हटलं. मग त्यानं सगळं सांगितलं. गाण्याचा पहिला नमुना त्यानं निकेतला पाठवला होता. निकेतनं तो ठमीताईला ऐकवला. तिलाच आधी, अर्थात. दुसऱ्या दिवशी ठमीताई एकटी रिक्षा करून उरणला गेली, विचारत विचारत तो जिना चढली, आणि त्याच्या समोरच्या खुर्चीत बसून म्हणाली, "आई विनिता हाय त्याची. नव मयने तिनं वागवलाय त्याला. माजा नाव काढ आनि कोनाला बोलू नको."

स्वप्निल म्हणाला, "मी म्हटलं त्यांना, पुढच्या कडव्यात जागा आहे, आत्या म्हणून तुमचं नाव घालतो. तर नको म्हणाल्या. म्हणाल्या, तिला आवडायचा नाय."

मी फोन ठेवला. ट्रेलर जात होते, धूळ उडत होती, आणि मी डबा हातात धरून तशीच उभी. खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मला हवं होतं ते झालं होतं, तेही मला वाईट ठरू न देता. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला आवडायचं नाही! म्हणजे माझ्या पोटात काय आहे ते तिला इतकी वर्षं ठाऊक होतं, आणि मी आपली गोड बोलून झाकत होते. शिवाय देणारी तीच. माझ्या मुलाची आई असण्याची जागा ती उठून मला देणार आणि मी ती घेणार, बसमधल्या सीटसारखी. त्यातही तीच मोठी झाली. मला वाटलं, आत्ता फोन करून म्हणावं, घाल रे तिचंच नाव. पण मी केला नाही फोन. तेवढी मी मोठी नाही, आणि नाव मला हवंच होतं.

घरी गेल्यावर मी ठमीताईला एवढंच म्हटलं, हळद बारीकच आहे. ती म्हणाली, हाय ना.

हळदीच्या दिवशी पाच वाजताच मांडव भरला. स्वप्निलनं माझा तक्ता समोर चिकटवून ठेवला होता आणि एकही गाणं मागंपुढं केलं नाही. निकेत पाटावर बसला, सगळ्यांनी हळद लावली, मग नाच सुरू झाला. मी गोटा पट्टीची साडी नेसून पहिल्या ओळीत उभी. ठमीताई कुठं दिसत नव्हती. कोणीतरी म्हणालं, मागच्या दारी भाकऱ्यांवर लक्ष ठेवतेय. मला माहीत होतं ती का मागं गेलीय ते. नाव येईल तेव्हा निकेतच्या समोर नको, म्हणून.

नावाचं गाणं लागलं. पोर कोनाचा गो, नवरा कोनाचा. आज्याचं नाव आलं, आज्याच्या फोटोला निकेतनं हात जोडले. बापाचं आलं, रामचंद्रांनी लाजत दोन गिरक्या घेतल्या. आणि मग, अख्ख्या मांडवात, भोंग्यातून, छाती हादरेल एवढ्या आवाजात माझं नाव आलं. आई विनिता.

निकेत थांबला. त्यानं मधोमध उभं राहून इकडंतिकडं बघितलं. हे नाव इथं कसं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आणि मग काहीतरी त्याच्या लक्षात आलं असावं. त्या दुकानातलं त्याचं उत्तरही आठवलं असावं, कारण हळदीखालीसुद्धा त्याचे कान लाल झालेले मला दिसले. त्यानं स्वप्निलला हातानं खूण केली, गाणं बंद झालं. तो माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, हात पुढं केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली.

"आई."

सव्वीस वर्षं मी ह्या हाकेची वाट बघत होते. आणि ती आली तेव्हा मी काय केलं असेल? मी मागं वळून ठमीताई कुठं आहे ते बघितलं.

आणि तेवढ्यात मागच्या दारातून, भाकऱ्यांच्या धुरातून, तिचा आवाज आला, "ओ, आयले र बाला."

सगळा मांडव तिकडे वळला. ठमीताई पीठभरल्या हातांनी दारात आली होती. आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पिठाचाच हात तोंडावर दाबला. हसावं की नाही हे लोकांना कळेना. निकेतचा हात तसाच पुढं.

मी तिच्याकडे गेले. रागातच गेले, खोटं कशाला बोलू. ती हळू आवाजात म्हणाली, "विनिता, तुला हाक मारलान त्यानं. मना सवय झाली गो, तोंडातून गेला. जा तू."

"हाकेला ओ तू दिलीस ना," मी म्हटलं. "मला नाही देता आली. आता चल."

ती येईना. मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. साठ वर्षांची बाई, पण अंगात जोर माझ्यापेक्षा जास्त, दोनदा तिनं हात सोडवला. तिसऱ्यांदा मी सोडला नाही. माझ्या नव्या साडीला पीठ लागलं. मध्ये आल्यावर मी स्वप्निलला सांगितलं, पहिल्यापासून लाव.

गाणं परत सुरू झालं. माझं नाव आलं तेव्हा ठमीताईच सगळ्यात मोठ्यानं ओरडली, विनिता म्हणून. निकेतनं आम्हा दोघींचे हात धरले, आम्ही तिघं गोल फिरलो, बायका शिट्ट्या वाजवत होत्या, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोक नंतर म्हणाले, अशी हळद गावात झाली नाही.

पण नाचता नाचता एक गोष्ट मी बघितलीच. त्यानं तिचा हात उजव्या हातात धरला होता आणि माझा डाव्या.