घरच्यांनी बेल वाजवायची नाही

आमच्या दारावर बेल होती ती पाहुण्यांसाठी. घरच्यांनी तिला हात लावायचा नाही, हा बाबांचा कायदा. बाबा किल्ल्या बनवायचे. कोपऱ्यावर, चपलांच्या दुकानाला चिकटून त्यांची टपरी होती; आता तिथे मी बसते. पोर एकटं शाळेत जायला लागलं की बाबा त्याला स्वतःच्या हाताने कानस मारून दाराची किल्ली करून द्यायचे. "दार आपलं असताना दुसऱ्याला कशाला उठवायचं?" म्हणायचे. तरीही कुणी विसरून बेल वाजवलीच, तर आतून ओरडायचे, "घरी कुणी नाही!" मग बाहेरचा मुकाट्याने खिशातून किल्ली काढायचा.

माझा धाकटा भाऊ पिन्या. केसांच्या पिनेने शेजाऱ्यांची कुलपं उघडून दाखवायचा, म्हणून पिन्या. बाबा गेल्यावर तो परदेशात एका कुलपांच्या कारखान्यात लागला. जाताना बाकी सगळं विसरला, अगदी गरम कपडेसुद्धा, पण किल्ली गळ्यात घालून गेला.

तिथे त्याचं सगळं चांगलं चाललं होतं, फक्त राहण्याच्या परवान्याचं लचांड होतं. परवाना संपत आला की नव्यासाठी अर्ज, आणि अर्ज लटकलेला असताना देश सोडला तर परत घेतील याची खात्री नाही. त्यामुळे तो यायचं ठरवायचा आणि रद्द करायचा. आई आजारी पडली, तिची खाट आम्ही पुढच्या खोलीत दारासमोर आणली, तेव्हाही त्याचा अर्ज असाच लटकला होता. वैतागून त्याने तिथलं नागरिकत्वच मागितलं. "एकदा ते मिळालं की ताई, मनात आलं की आलो. आईला सांग." मी सांगितलं. आईने डॉक्टरांना सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं.

कारखान्यात त्याच्या शेजारच्या मशीनवर एक जण होता, तिसऱ्याच देशाचा. पिन्या त्याला भाऊ म्हणायचा. दोघांनी एकाच सभागृहात, शेजारी शेजारी उभं राहून, तीच शपथ घेतली. तो देश कुणाला जुनं सोडायला सांगत नाही; खुशाल दोन ठेवा म्हणतो. भाऊच्या देशाचीही हरकत नाही. सुट्टीला तो जायचा तेव्हा आपल्या देशात जुना पासपोर्ट दाखवायचा, परतताना नवा. "एक खिसा जायचा, एक खिसा यायचा," असं त्याने पिन्याला शिकवलं, आणि पिन्याला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं?

आमच्या देशाचं मात्र तसं नाही. आपल्या माणसाने दुसरीकडे शपथ घेतली, की आमच्या देशाच्या लेखी तो त्याच घडीला परका होतो. हातातला पासपोर्ट तसाच राहतो, त्यावरचा फोटोही त्याचाच असतो, पण आत जीव नसतो. हे सांगायला घरी कुणी येत नाही.

तो इकडे यायला निघायच्या आधी मी फोनवर विचारलंही होतं, "तुला व्हिसा वगैरे लागेल का रे?"

तो खो खो हसला. "व्हिसा? म्हणजे आपल्याच दारात उभं राहून बेल वाजवायची? ताई, बाबा उठून येतील ओरडायला!"

आम्ही दोघंही हसलो. फोन स्पीकरवर होता, खाटेवरून आईही हसली.

विमान वेळेवर उतरलं. सगळे प्रवासी बाहेर आले, सामानाच्या गाड्या ढकलत माणसं आपापल्या माणसांना मिठ्या मारून गेली, पिन्याचा पत्ता नाही. माझा जीव टांगणीला. मग त्याचा फोन आला.

"ताई, मी आतच आहे."

"मग ये की बाहेर! काय चहा पीत बसलायस?"

"सोडत नाहीयेत गं."

झालं होतं ते असं. खिडकीतल्या साहेबाने त्याचा जुना पासपोर्ट चाळला आणि विचारलं, "यात तिकडचा परवाना दिसत नाही. तिथे राहता कसे?" दुसरा कुणी असता तर चाचरला असता. आमच्या येड्याने दुसऱ्या खिशातून नवा पासपोर्ट काढून अभिमानाने त्याच्यापुढे ठेवला. खोटं बोलण्यासारखं काही आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

मी दारावरच्या शिपायाशी भांडले. "अहो, इथलाच आहे तो! त्याचे कान बघा, बापाचे कान आहेत!" शिपाई बिचारा म्हणाला, "बाई, कानांवर सोडता आलं असतं तर सोडलं असतं." मग एक साहेब बाहेर आला. वाईट नव्हता, त्यामुळेच माझ्या डोक्यात जास्त तिडीक गेली. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. तो शांतपणे म्हणाला, "ते परदेशी आहेत. परत जाऊन आधी इथलं नागरिकत्व सोडल्याचा दाखला घ्यायचा, मग व्हिसा मागायचा. मिळेल त्यांना."

"कधी?"

"काही आठवडे लागतात."

"तेवढं थांब म्हणून माझ्या आईला कोण सांगणार?" मी म्हटलं.

ज्या विमानाने आला त्याच विमानात पिन्याला परत बसवलं. आमच्यामध्ये एक भिंत होती फक्त. पलीकडे तो रडत होता, मला फोनवर ऐकू येत होतं.

घरी आल्यावर आईला म्हटलं, त्याचं विमान चुकलं. आईने विश्वास ठेवला की नाही, देव जाणे.

तेव्हापासून ती दाराकडे कान लावून पडून राहायची. बेल वाजली की मान वळवायचीही तसदी घेत नसे. "तो नव्हे. त्याच्याकडे किल्ली आहे." किल्लीच्या आवाजावरून तिला माणूस कळायचा. मी खसकन फिरवते. पिन्या किल्ली घालून क्षणभर थांबतो, मग फिरवतो, लहानपणापासून तसाच.

एके दिवशी माझ्या दोन्ही हातांत सामान होतं. किल्ली घातली आणि निसटती पिशवी सावरायला थांबले. मग फिरवली.

आतून आईचा आवाज आला, कितीतरी दिवसांत आला नव्हता इतका मोठा. "पिन्या! आलास?"

दार उघडून मी तशीच उभी राहिले. "मी आहे, आई."

"हो का," ती म्हणाली. उशीवरून उचललेलं डोकं तिने परत ठेवलं. "येईल तोही."

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्याच घराची बेल वाजवायला लागले. काकू दिवसभर आईजवळ असत, त्या उघडत. आईला निदान खोटी आशा तरी लागू नये. बाबांचा कायदा मी रोज मोडत होते. आईने मला त्याबद्दल काही विचारलं नाही.

पिन्याचा दाखला झाला, व्हिसाचा अर्ज गेला, कुठलासा कागद कमी म्हणून परत आला, पुन्हा गेला. आई त्याची वाट बघत गेली. सकाळची वेळ होती, मी तिचे केस विंचरत होते, आणि ती दाराकडे तोंड करून होती. पिन्याने सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. व्हिसा त्यानंतर आला.

तो येणार ते मला ठाऊक होतं. विमानतळावर गेले नाही. त्या भिंतीचं तोंड मला पुन्हा बघायचं नव्हतं. आईची खाट अजून तिथेच होती. मी तिच्यावर बसून राहिले.

बेल वाजली.

मी दाराच्या भिंगातून पाहिलं. पिन्या. हातात बॅग, पायपुसण्याच्या पलीकडे उभा, वसुलीला आलेल्या माणसासारखा अवघडलेला. गळ्यात किल्लीचा दोरा दिसत होता. मला इतका राग आला, त्याचा, त्या सगळ्या खिडक्यांचा, की काय बोलतेय ते कळायच्या आत मी बाबांसारखी ओरडले,

"घरी कुणी नाही!"

ओरडले आणि माझंच मला ऐकू आलं.

मी परत खाटेवर येऊन बसले, आईच्या जागी, दाराकडे तोंड करून. मग कुलपात किल्ली शिरली. क्षणभर थांबली. फिरली.

"पिन्या," मी म्हटलं, "आलास?"