दोन डवऱ्यांची साक्ष

शनिवारी दिवस मावळायच्या आधीच स्नेहल घरी आली आणि आल्या आल्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली. चहा नको म्हणाली. हौशीराम आबांनी तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. ही पोरगी तापानं फणफणली तरी चहाला कधी नको म्हणत नसे.

स्नेहल आबांची नात. मुंबईला एका तेल कंपनीत नोकरीला होती. समुद्राच्या तळाखाली कोणत्या दगडात तेल आहे ते हुडकायचं, हे तिचं काम. टाकव्यात कुणी विचारलं की आजी, म्हणजे रतनबाई, सांगायची, "पेट्रोलपंपावर न्हाई हां, त्याच्या लय आधी." ऐकणारा मान हलवायचा आणि पुढं काही विचारायचा नाही.

कंपनीची दोन दिवसांची बैठक वलवणच्या एका हॉटेलात होती. बाकीचे तिथंच उतरले होते. स्नेहलला गाव जवळ म्हणून ती मुक्कामाला घरी आली होती.

"कुणी काय बोललं का?" आबांनी विचारलं.

"बोललं असतं तर बरं होतं. सगळे गोड हसले आणि पुढचं चित्र दाखवा म्हणाले."

"मंग नीट सांग. मला सांग. मी हसनार न्हाई."

स्नेहलनं सांगितलं. लांब समुद्रात, खोल पाण्याखाली कंपनीच्या दोन विहिरी आहेत. पहिलीतून तेल निघतंय. दुसरी नुसती तपासायला पाडलेली. आता साहेबांचं म्हणणं असं की दोन्ही विहिरींखालची वाळू एकच आहे, एका विहिरीनं दोन्हीकडचं तेल ओढून घेता येईल. मग दुसरी कशाला ठेवायची? ती सिमेंटनं बुजवायची आणि तिसरी लांब दुसऱ्या टोकाला पाडायची. उद्या सकाळी सुट्टी, आणि चार वाजता त्या कागदावर सही होणार.

"आन् तुझं म्हननं काय?"

"वाळू एक नाही, आबा. दोन आहेत. शेजारी शेजारी, पण वेगळ्या. दुसरी बुजवली तर तिच्याखालचं तेल कायमचं तिथंच राहील. एकदा सिमेंट भरलं की परत कोण उकरतंय?"

"वाळूत तेल?" रतनबाई चुलीपुढून म्हणाली. "आपल्या हितं तर निस्ता कातळ."

"आपला कातळ आगीतून आलाय, आजी. यात नाही सापडायचं. तिकडं वेगळं आहे." स्नेहल जरा सरळ बसली. तिचा विषय निघाला की तिला दम धरवत नसे. "नद्या वाळू आणि गाळ आणून समुद्रात कडेला टाकतात. ढीग साचत जातो आणि एक दिवस घसरतो. मग पाण्याच्या आतच त्याचा लोंढा उतारानं धावत खाली जातो. उतार संपला की पसरतो. वाळू जड, ती आधी बसते. गाळ हलका, तो मागनं तिच्यावर बसतो. पुढच्या खेपेला लोंढा आला की तो जुन्या ढिगावर चढत नाही, शेजारच्या खोलगटात जातो. असं हजारो वेळा झालं. लाखो वर्षांनी त्या वाळूचा दगड झाला, आणि दाण्यांच्या फटीत तेल शिरलं."

आबा ऐकता ऐकता हसायला लागले.

"हसणार नाही म्हणाला होता."

"अगं, हा तर आपला वढाच की. फकस्त पान्याखालचा."

टाकव्याच्या खालच्या अंगाला, आबांच्या भातखाचरांच्या कडेनं ओढा होता. डोंगरावरून तो अरुंद घळीतून यायचा आणि सपाटीला लागला की हातपाय पसरायचा. यंदा वाळू उजवीकडं टाकली तर दोन वर्षांनी डावीकडं. आबांनी अख्खा जन्म त्याच्या या खोड्या बघितल्या होत्या. त्याचं पात्र मे महिन्यात कोरडं पडलं की लोक वाळूत कमरेएवढा खड्डा खणत. त्यात झिरपून पाणी साचे. त्याला म्हणायचं डवरा. घरोघर नळ आले तरी टाकव्यात डाळ शिजवायला पाणी लागे ते डवऱ्याचंच.

"माझा डवरा आन् शकुबाईचा डवरा, मधी पंधरा पावलं," आबा म्हणाले. "माझा उपसून तळाला न्या, तिचा बोटभर बी हालत न्हाई. मधी गाळाची पट्टी हाये आडवी. पूर्वी तिची सासू म्हनायची, तुमी आमचं पानी चोरता. मंग पंचांनी उपसून बघितला आन् भांडान मिटलं."

स्नेहलनं ओट्यावर बोटानं शेजारी शेजारी दोन गोल काढले. मग म्हणाली, "पण आमच्याकडं उलटं झालंय ना. पहिली विहीर उघडली तसा दुसरीतला दाब उतरायला लागला. मापात स्पष्ट दिसतंय. प्रितम म्हणून आहे आमच्यात, तो म्हणतो, दाब उतरला म्हणजे आतून जोडलेल्या. गाळाचा थर मी दगडाच्या तुकड्यांत डोळ्यांनी बघितलाय, पण दाब का उतरला ते मला सांगता येत नाही. तिथंच माझं अडतं."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"सायबाला जेवायला बोलाव," ते म्हणाले.

"आबा!"

"अगं, निदान तू काय म्हनतीस ते तरी त्याला डोळ्यांनी दिसंल. रंगीत चित्रानं पोट भरतं व्हय?"

स्नेहलनं भीत भीत फोन लावला. राजेंद्र साहेब हॉटेलातलं पनीर खाऊन कंटाळलेले असावेत. कोंबडा आणि इंद्रायणीचा भात ऐकल्यावर लगेच हो म्हणाले.

रविवारी सकाळी दहाला गाडी आली. राजेंद्र साहेब पन्नाशीचे, अंगानं भरलेले, डोक्याला मोठी गोल टोपी. सोबत प्रितम, हातात मोबाईल, पायात पांढरे बूट. आबांनी दोघांना घरात बसूच दिलं नाही. "जेवान व्हायचंय अजून," म्हणत सरळ ओढ्यावर नेलं.

तिथं शकुबाई आधीच हजर. वरच्या वाडीतली बाई, साठीची, बोलायला कडक. आज ठेवणीतलं लुगडं नेसून आपल्या डवऱ्याशी अशी बसली होती की जणू सोयरीक बघायला माणसं येणार आहेत.

"या सायेब. बगा आमचा डवरा. कसा भरलाय!"

डवरा खरंच भरलेला होता. आबांना जरा नवल वाटलं, पण पाहुण्यांपुढं ते काही बोलले नाहीत. त्यांनी कोळशानं रेघा मारलेली एक काठी शकुबाईच्या डवऱ्यात रोवली आणि स्नेहलला तिच्यापाशी बसवलं. स्वतः धोतर खोचून आपला डवरा उपसायला लागले.

पहिल्या दहा बादल्या झाल्या. "काय म्हणतीया काठी?"

स्नेहलनं वाकून काठीच्या रेघा मोजल्या.

"अगं, काय म्हणतीया?"

"दोन बोटं उतरलं, आबा."

"नीट बग."

"नीटच बघतेय."

आबांनी आणखी दहा बादल्या उपसल्या. चार बोटं उतरलं. प्रितमनं वाकून फोटो काढला आणि हळूच म्हणाला, "आबा, जोडलेलंच आहे की. आमच्या विहिरींसारखं." पोरगा वाईट नव्हता. पण त्याला हसू आवरेना. राजेंद्र साहेबांनी घड्याळात बघितलं आणि भाताचं कुठवर आलं अशा नजरेनं घराकडं बघितलं. स्नेहल काठीपाशी मान खाली घालून बसली होती. पोरीची बाजू मांडायला आणलं आणि आपणच तिला तोंडघशी पाडलं, असं आबांना झालं.

चाळीस वर्षांत हा डवरा असा वागला नव्हता. आबांनी बादली खाली ठेवली, बिडी काढली, पेटवली नाही. नुसते काठीकडं बघत राहिले.

मग एकदम म्हणाले, "पोरी, मी थांबून किती येळ झाला?"

"पाचेक मिनिटं."

"आन् काठी?"

स्नेहलनं बघितलं. "अजून उतरतंय."

"माझ्या डवऱ्यात पानी परत चढाय लागलंय. मी उपसत न्हाई. मंग हिचं का उतरतंय?"

आबा शकुबाईच्या डवऱ्याशी आले, ओंजळभर पाणी घेतलं आणि नाकाशी नेलं. नळाच्या पाण्यात पंचायत टाकते त्या पावडरचा वास.

"शकू," आबा म्हणाले, "हे पानी कुनाचं?"

"डवऱ्याचं."

"शकू."

शकुबाईनं पदर सावरला. ओढ्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. "आता भाऊ, मोठी मान्सं येनार. तुमचा डवरा भरल्याला आन् माजा तळाला गेल्याला दिसायचा? आमच्या वाडीची काय इज्जत ऱ्हायली? मंग मी नळाचं आनून वतलं. मगाशी. गाडी वलवनहून निघाली म्हनून कळलं तवा."

"किती वतलं?"

"लय न्हाई." ती थांबली. "बारा हंडे."

पहिल्यांदा स्नेहल हसली. मग प्रितम. आबा तर वाळूत बसूनच हसले, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. शकुबाई मात्र रागानं लाल झाली. "हसा, हसा! बारा हंडे डोक्यावर आनलेत मी. मान दुखाय लागलीया माजी. अन् वतल्यालं पानी वाळूत जिरनारच की. त्याला हौशाभाऊचा डवरा काय करनार?"

राजेंद्र साहेब हसत नव्हते. ते काठीकडं बघत उभे होते.

"प्रितम," ते म्हणाले, "दोन नंबरची विहीर धुताना आत पाणी दाबलं होतं ना? कोणत्या तारखेला?"

प्रितमनं मोबाईलवर शोधलं. शोधता शोधता त्याचं हसू मावळलं. "अठ्ठावीसला, सर."

"आणि पहिली कधी उघडली?"

"एकतीसला."

शकुबाईनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "का हो सायेब? तुमच्यात बी कुनी वतलं व्हतं का काय?"

"ओतलं होतं, मावशी," राजेंद्र साहेब म्हणाले. "आम्हीच ओतलं होतं. तीन दिवस आधी. दाबून भरलेलं पाणी दगडात जिरत होतं म्हणून दाब उतरत होता, आणि आम्ही समजलो शेजारच्या विहिरीनं ओढला." ते स्नेहलकडं वळले. "तुझ्याही लक्षात नाही आलं हे?"

"नाही, सर. तारखा मी एकत्र लावूनच बघितल्या नाहीत."

"मीही नाही. आणि माझा पगार तुझ्यापेक्षा मोठा आहे."

"आता असं करू," आबा उठून धोतर झटकत म्हणाले. "हिचं वतल्यालं पानी जिरू द्या. तवर जेवा. मंग परत उपसतो."

रतनबाईनं तांदळाच्या भाकरी थापल्या होत्या, कोंबड्याचं कालवण झणझणीत होतं, आणि इंद्रायणीच्या भाताचा वास दारापर्यंत आला होता. प्रितमनं तीनदा भात घेतला आणि पांढऱ्या बुटांना चिखल लागला त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. शकुबाईला आग्रह करून पंगतीला बसवावं लागलं. ती आधी रुसलेली होती. राजेंद्र साहेबांनी स्वतः तिला रस्सा वाढला तेव्हा कुठं खुलली.

जेवून परत ओढ्यावर गेले तेव्हा शकुबाईच्या डवऱ्यातलं पाणी एका रेघेवर येऊन ठरलं होतं. आबांनी त्या रेघेला काळ्या दोऱ्याची गाठ मारली. मग उपसायला घेतलं. या खेपेला प्रितमनंही शर्टाच्या बाह्या दुमडून बादली धरली. वीस झाल्या, तीस झाल्या, चाळीस झाल्या. आबांच्या डवऱ्याच्या तळाचे गोटे उघडे पडले.

"काय म्हणतीया काठी?"

"दोऱ्यावरच आहे," स्नेहल ओरडली. "आबा, दोऱ्यावरच आहे!"

मग आबांनी दोन डवऱ्यांच्या मधला वाळूचा काठ कुदळीनं कापून दाखवला. वर जाड भरड वाळू, खाली बारीक, आणि दोन्हीच्या मधून तिरकी उतरत गेलेली वीतभर काळी चिकट पट्टी. "ह्यो त्या सालचा लोंढा, आन् ह्यो पुढच्या सालचा. मधी गाळ. पानी ह्यातून जात न्हाई." राजेंद्र साहेब उकिडवे बसले, पट्टीवरून बोट फिरवलं, चिमूटभर गाळ घेऊन दोन बोटांत चोळला.

"आबा, एक खरं सांगतो," ते म्हणाले. "ओढ्यावरून समुद्र ठरत नाही. स्नेहल बरोबरच आहे असं मी आज म्हणणार नाही. पण आमचं मोजमाप चुकलं, हे मात्र ठरलं. आज सही होणार नाही. दुसरी विहीर बुजवायची नाही. तिला महिनाभर शांत पडू द्यायची, पाणी जिरू द्यायचं, मग पहिली बंद करून परत उघडायची आणि दुसरीचा दाब बघायचा."

"कोण बघणार, सर?" प्रितमनं विचारलं.

"जिचा थर, तिनं बघायचा."

स्नेहलनं फक्त "हो, सर" म्हटलं. पण आबांनी बघितलं, परत येताना ती बांधावरून चालत नव्हती, उड्या मारत होती. लहानपणी शाळा सुटल्यावर यायची तशी. आणि घरी पोचल्या पोचल्या चहा मागितला.

जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, ऐन भरात आली होती. ओढा दुथडी वाहत होता आणि दोन्ही डवरे कधीच त्याच्या पोटात गेले होते. आबा गुडघाभर चिखलात उभे होते तेव्हा बांधावरून रतनबाई फोन घेऊन आली. "धरा, पोरीचा हाये. लय आरडतीया."

आबांनी ओला हात इरल्याखालच्या सदऱ्याला पुसून फोन कानाला लावला.

"आबा, पहिली उघडून आठ दिवस झाले! दुसरीचा दाब जरासुद्धा हलला नाही. दोन वाळू वेगळ्याच आहेत. आता दुसरीतनंही तेल काढायचं ठरलंय. प्रितमनंच सगळ्यांना सांगितलं, आणि माझ्याकडून चहा पण उकळला."

"बरं झालं," आबा म्हणाले. "लय बरं झालं." मग विचारलं, "जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर रोपं लावणाऱ्या बाया ओणव्याच विचारायला लागल्या, काय झालं, काय झालं. शकुबाई त्यांच्यात सगळ्यात पुढं होती.

"स्नेहलच्या दुसऱ्या हिरीतनं बी तेल काढनार," आबा म्हणाले. "बुजवनार न्हाईत."

"आगं बया! मंग आता आपल्याला स्वस्त मिळनार का?" एकीनं विचारलं.

"थेंब बी न्हाई मिळनार."

"मंग कशाला येवढं दात काढताय?"

"पोरीचं खरं झालं म्हनून," आबा म्हणाले, आणि रोपांची मूठ सोडून पुढच्या ओळीला वाकले.