गोचिडीला घाबरणारा चिमटा

हसू नका मित्रांनो, पण मला गोचिडीची भीती वाटते. मी एक जुना चिमटा आहे, बोटभर लांबीचा, पोलादी, तिरक्या टोकांचा. माझे बहुतेक आयुष्य गोचिडी उपटण्यात गेले. तरी अजूनही एखादी समोर आली की माझ्या दोन्ही पायांना कापरे भरते. खोटे कशाला बोलू?

खरे म्हणजे माझा जन्म भुवया कोरण्यासाठी झाला. कारखान्यात मला पट्टीतून कापले, मधोमध वाकवले आणि टोके घासून घासून एकमेकांशी जुळवली. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या टोकांत एक केस धरून ओढला. तो निसटला असता तर मी थेट भंगाराच्या टोपलीत गेलो असतो. मी जीव खाऊन तो केस धरून ठेवला, आणि पास झालो.

एका पार्लरवालीने मला विकत घेतले. घराच्या पुढच्या खोलीत तिचे छोटे पार्लर होते. भिंतीवर मोठा आरसा, समोर मागे कलणारी खुर्ची आणि फळीवर स्पिरिटची बाटली. तिचा हात इतका हलका की गिऱ्हाइके गप्पा मारता मारता डोळे मिटून घेत. "तुमचा हात लागलेला कळतसुद्धा नाही हो!" असे बायका तिला म्हणत, आणि फुगत मात्र मी असे. दर वेळी मला स्पिरिटने पुसून मखमली पिशवीत ठेवले जाई. मला वाटले, आपला जन्म सुखात जाणार.

पण घराच्या मागच्या अंगाला गोठा होता, हे मला कुणी सांगितले नव्हते. पार्लरवालीचा नवरा शेळ्या पाळी आणि दूध विकी. एके दिवशी एका शेळीच्या कानात खोलवर गोचीड बसली. त्याची जाड बोटे आत पोचेनात, म्हणून त्याने बायकोला न विचारता मला उचलून नेले. त्या कानात मी जे पाहिले ते आठवले तरी अंगावर काटा येतो. एरंडाच्या बीसारखा टम्म फुगलेला राखी गोळा होता, आणि त्याच्या पुढच्या टोकाला बारीक पाय वळवळत होते. मी घाबरून सुटणारच होतो, पण पार्लरवालीच्या नवऱ्याची पकड घट्ट होती.

"अहो! माझा चिमटा शेळीच्या कानात घातलात?" बायको कडाडली.

"धुऊन देतो ना."

"धुवा नाहीतर उकळा. तो आता माझ्या दुकानात यायचा नाही. आजपासून तुमच्याकडेच नांदू दे त्याला!"

झाले! मखमल सुटली आणि गोठ्यातला पत्र्याचा डबा नशिबी आला. रोज संध्याकाळी दूध काढण्याआधी माझा नवा मालक प्रत्येक शेळीचे अंग चाचपून बघे. कान, मान, काखा, कास, शेपटीखाली, खुरांच्या बेचक्यात. गोचीड सापडली की मला कातडीलगत टेकवून तो सरळ वर ओढी आणि ती साबणाच्या पाण्यात टाकी. शेजारचा गवळी काडी पेटवून चटका देत असे. "असं करू नका," माझा मालक त्याला सांगे. "चटका दिला की ती पोटातलं सगळं जनावराच्या अंगात ओकते."

माझे नाव झाले. लोक आपली कुत्री घेऊन यायचे, गवळी मला उसना मागून न्यायचा. एकदा कुणीतरी रानात पडलेला ससा आणला. त्याच्या कानांना गोचिडी नुसत्या लगडल्या होत्या. आम्ही सगळ्या काढल्या, पण सशाच्या अंगात रक्तच उरले नव्हते. त्याने माझ्या मालकाच्या मांडीवरच जीव सोडला. एवढ्याशा किड्यांनी एवढा जीव प्यायला, हे पाहून मी पुरता हादरलो.

पुढे शेळ्यांच्या पाठीवर ओतायचे औषध आले आणि माझे काम संपले. कुणीतरी मला वापरून गंजलेला खिळा उपटला, त्यात माझे एक टोक वाकले. अंगावर तांबूस ठिपके आले. डब्यात खिळे आणि सुतळीच्या तुकड्यांबरोबर मी पडून राहिलो. वाईट वाटत होते, पण मनातून सुटल्यासारखेही वाटत होते. आता पुन्हा गोचीड बघावी लागणार नव्हती.

मालकाला आणि पार्लरवालीला एकच मुलगी होती. सारखी इकडून तिकडे पळायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आठवड्याने शाळेत नाच होता, त्यासाठी आईने दुपारभर बसून तिच्या डोक्याला गच्च, बारीक बारीक वेण्या घातल्या. "नाच होईपर्यंत सोडायच्या नाहीत," तिने बजावले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्हीही तिच्या डोक्याला हात लावू नका. तुमचा हात म्हणजे शेळीची मान पकडायचा हात!"

भिंगरी वेण्या मिरवत गोठ्यात आली आणि नेहमीसारखी म्हाताऱ्या शेळीच्या पोटाला डोके टेकून बसली. त्या शेळीच्या पाठीवर औषध ओतले नव्हते. अंगावर फोड आले होते, म्हणून तिला वगळले होते. माझ्या डब्यातून मला त्या दोघी दिसत होत्या. तिथून ऊठ, असे ओरडावेसे वाटत होते, पण चिमट्याला तोंड कुठे असते?

पुढचे मला नंतर घरातल्यांच्या बोलण्यातून कळले. नाचाच्या आदल्या दिवशी भिंगरी दोनदा अडखळून पडली. "पायात जोर नाहीये," ती म्हणाली. आईला वाटले, नाचायची धास्ती घेतली असेल. सकाळी भिंगरी अंथरुणातून उठायला गेली, तर तिचे पाय दुमडले. थोड्या वेळाने हातातला पेला सुटला. मग तिचे बोलणे जड झाले.

बाप तिला उचलून पार्लरच्या खुर्चीत घेऊन आला. आईने इस्पितळात फोन लावला. डॉक्टरबाईंनी लगेच गाडी पाठवली आणि फोन न ठेवता विचारू लागल्या. "ताप आहे का? नाही? घरात जनावरं आहेत? मग गाडी येईपर्यंत तिचं सगळं अंग बघा. कुठं गोचीड चिकटली आहे का? काही जातींच्या गोचिडीच्या विषाने असे हातपाय लुळे पडतात. श्वासावर लक्ष ठेवा."

बापाने काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या, पाठ पाहिली. काहीच नव्हते.

"केसांत बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"केसांत कसं असेल?" आई म्हणाली. "एकेक बट मी स्वतः विंचरलीय. काही नव्हतं."

"तेव्हा नव्हतं," बाप म्हणाला. "सोड त्या वेण्या."

आई वेण्या सोडू लागली. रोज चपळ चालणारी तिची बोटे आता गाठींत अडकत होती. बापाने निम्म्या वेण्या हातात घेतल्या. कानामागच्या वेणीखाली तो थबकला. तिथे तो राखी गोळा होता, टम्म फुगलेला.

बाप धावत गोठ्यात आला आणि डबा उपडा करून त्याने मला उचलून पार्लरमध्ये नेले. आईने माझ्यावर स्पिरिट ओतले. पण त्याच्या जाड बोटांत मी फिरलो आणि भिंगरीच्या कानाला टोचलो.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं," तो म्हणाला. "तू घे."

तिने मला घेतले. किती वर्षांनी! मला मात्र आनंद नव्हता, धडकी भरली होती. माझे टोक वाकलेले होते. मी निसटलो तर? गोचीड फुटली तर? तिने मला उजेडात धरले, वाकडे टोक टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केले आणि पुन्हा पुसले.

"कातडीलगत धरा. पिळू नका, फिरवू नका. सरळ वर, सावकाश," फोनवरून आवाज येत होता.

माझ्या टोकांत तो थंड, वळवळता जीव आला. तिने ओढले. कातडी वर उचलली गेली, तरी गोचीड सुटेना. मित्रांनो, मी इतका घाबरलो होतो की पकड सुटेल असे वाटले. पण तिचा हात हलला नाही, आणि गोचीड अख्खी निघाली. डॉक्टरबाईंना दाखवायची म्हणून बापाने ती झाकणाच्या बाटलीत घातली.

आणि काहीच झाले नाही. भिंगरी तशीच पडून होती. खरी भीती मला तेव्हा कळली. गाडी आली. आईच्या मुठीत मी होतो, ते तिच्या लक्षातही नव्हते. इस्पितळात भिंगरीच्या नाकातोंडावर श्वासाचा मास्क लावला. "निघाली हे फार बरं झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण विष लगेच नाही उतरत. लुळेपणा छातीपर्यंत चढू नये म्हणून आम्ही बघतोय. वाट बघा."

बाप मुलीच्या पायांचे तळवे हातांत धरून बसला. आईची मूठ घामाने ओली झाली होती. तिच्या नाडीचे ठोके मला ऐकू येत होते.

"सगळ्या शेळ्या विकून टाका," ती एकदम म्हणाली.

"टाकतो," बाप म्हणाला.

खिडकीतले ऊन भिंतीवरून सरकत पलंगावर आले. बाप दचकला. "हलला! अंगठा हलला!"

"तुम्हाला भास झाला," आई म्हणाली. तिला विश्वास ठेवायचीही भीती वाटत होती.

मास्कच्या आतून बोबडा, चिडका आवाज आला. "बाबा, पाय सोडा ना. गुदगुल्या होतायत."

बाबांनी पाय सोडले नाहीत. ते त्या पायांवर डोके ठेवून हुंदके देऊन रडले. आईची मूठ उघडली आणि मी जमिनीवर खणकन पडलो.

भिंगरी पुन्हा पळू लागली आणि शेळ्या विकल्या नाहीत. त्यांचा काय दोष? आता शेळ्या बघून झाल्या की ही तिघे आरशासमोर एकमेकांच्या माना, कान, केस बघतात, आणि मी स्वच्छ पुसलेला फळीवर असतो. मित्रांनो, जनावरांवर माया करा. त्यांचे अंग रोज चाचपा. पण गवतातून, गोठ्यातून आलात की स्वतःचेही अंग बघा. गोचीड दिसली तर चिरडू नका, चटका देऊ नका. मोठ्या माणसाला हाक मारा. आणि कुणी म्हणाले, "तिथं काही नाही, मी स्वतः बघितलंय," तर थोडे घाबरा, आणि वेणी सोडून पुन्हा बघा.